नळीची दोन टोकं

बंगळूर,
८ जुलै २०२३

खुशबूताई,

जय भीम. फोनच करणार होतो, पण फोनवर तू "हाव, हाव, बोल" म्हणत एकीकडे मुलांचे पेपर तपासत राहतेस आणि शेवटी विचारतेस, "का म्हणत होता रे?" त्यापेक्षा आपला कागद बरा. सुट्टीत मी सालेकशाला गेलो की रेंज नसायची आणि तू पोस्टाने गणितं पाठवायचीस, आठवतं? पोस्टमन आईला म्हणायचा, पोराला नोकरीचं बोलावणं आलं वाटते.

इथे बरं चाललंय. मेसचा भात मावशीने पाहिला तर ती रडेल. तिला सांग, तिच्या हातच्या वाटाण्याच्या भाजीची आठवण काढून मी जेवतो. कॉलेजची चार वर्षं तिने मला फुलचूरला तुझ्यासोबत पोटच्या लेकरासारखं ठेवून जेऊ घातलं, ते इथे आल्यावर जास्त कळतं.

आता काम. परवा मी आमच्या इथल्या संशोधन गटापुढे आपल्या नळीबद्दल बोललो. कार्बनची नळी, दोन्ही टोकांना लोखंडाचे चुंबक, आणि चुंबकांच्या दिशा बदलल्या की प्रवाह कमी-जास्त. गटाच्या प्रमुख सरांना एकदम आवडलं. इथलं मशीन एवढं मोठं आहे की आपल्याला महिना लागायचा ते जेवून येईपर्यंत होतं. माझ्या टोकाचा प्रोग्राम माझ्याजवळ आहे, तुझ्या टोकाचा नाही. पाठवशील? फक्त ताडून पाहायचं आहे. हे आपल्या दोघांचं काम आहे असं मी सरांना सांगितलंच आहे, ते काय तुला वेगळं सांगायला हवं?

तुझा,
दीप

*

फुलचूर, गोंदिया,
१९ जुलै २०२३

दीप,

जय भीम. आली का ताईची आठवण! काम निघालं की बरी येते तुम्हा लोकांना. चिडवतेय रे, तोंड पाडू नको. माझ्या टोकाचा प्रोग्राम आजच मेल केला. तुला नाही देणार तर कोणाला देणार?

परवा आई वालाच्या शेंगा सोलत बसली होती. म्हणाली, "आव खुशबू, तुमी दोघं इतके वर्षं त्या नळीचं करून राहिले, तिच्यातून जाते का वो? पाणी?" मी म्हटलं, केसाहून हजारो पटींनी बारीक आहे ती, तिच्यातून इलेक्ट्रॉन जातात. "मंग ते चुंबक कायले लावले?" मग मी बसले समजावत. म्हटलं, प्रत्येक इलेक्ट्रॉनला आपली एक फिरकी असते, त्याला स्पिन म्हणतात. कोणाची अशी, कोणाची तशी. दारात बसलेला चुंबक आपल्यासारख्या फिरकीवाल्यालाच सहज आत सोडतो. दोन्ही दारांतले चुंबक एकाच दिशेचे असले तर एका दारातून शिरलेला दुसऱ्यातून सुटतो. उलट दिशांचे असले तर तो दुसऱ्या दाराशी अडतो. आणि नळी अशी गुळगुळीत की मधल्या वाटेत फिरकी बिघडत नाही. आई शेंग हातात धरून ऐकत राहिली, मग म्हणाली, "म्हंजे वळखीच्याले सोडतेत न् बाकीच्याले उभं ठेवतेत. हे तं कुठंबी होते. याच्यासाठी एवढं कायले शिका लागते?" मी हसून हसून लोळले.

मी अजून तासिका तत्त्वावरच आहे. वर्गात शिकवायचं, सुट्टी लागली की घरी. डॉक्टरेट झाली तरच कायम जागेसाठी अर्ज करता येईल. माझे गाईड उमेंद्र सर म्हणतात, येत्या मार्चला प्रबंध जमा करून टाका मॅडम. तीन प्रकरणं झाली. चौथं आपल्या नळीचं, आणि खरं सांगायचं तर प्रबंधात जीव आहे तो त्या चौथ्यातच. बाकी सगळं आजूबाजूचं कुंपण.

म्हणून एवढंच सांगते, तिकडे काही छापायची वेळ आली तर आधी मला कळव. दोघांची नावं टाकू, आणि माझा प्रबंध जमा झाल्यावर छापू. तू विसरणार नाहीस ते माहीत आहे, तरी सांगायची माझी सवय.

आई म्हणते, दिवाळीले ये.

ताई

*

बंगळूर,
२१ नोव्हेंबर २०२३

ताई,

जय भीम. दिवाळीला यायला जमलं नाही, मावशी रागावली असेल. तिच्यासाठी साडी पाठवली आहे, रंग आवडला का ते कळव.

तुझे फोन पाहिले, पण दिवसभर मीटिंगा असतात. नळीचं काम हळूहळू चालू आहे, अजून ठोस असं काही नाही. झालं की सांगेनच. तू तुझ्या प्रबंधाकडे लक्ष दे, माझी काळजी करू नकोस.

घाईत,
संघदीप

*

फुलचूर,
४ मार्च २०२४

संघदीप,

काल उमेंद्र सरांनी केबिनमध्ये बोलावलं. प्रबंध जमा करण्याआधी त्यातली नक्कल तपासतात, तुला माहीतच आहे. माझं चौथं प्रकरण वरपासून खालपर्यंत लाल. सर म्हणाले, "खुशबू मॅडम, ये कहाँ से उठाया?" मला हसू आलं. म्हटलं सर, मशीन बिघडलं असेल. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली, तिच्यावर एका मासिकात छापून आलेला पेपर.

वर तुझं नाव. मग आणखी दोघांची, ज्यांचं तोंडही मी पाहिलेलं नाही. शेवटी तुझ्या सरांचं. नळीच्या आकृत्या माझ्या. जोडाची समीकरणं माझी, अक्षरंसुद्धा मी निवडलेली तीच. मी माझं नाव शोधत खाली खाली गेले. सर बाजूला उभे होते आणि मी वेड्यासारखी शोधत होते. शेवटच्या पानावर सापडलं, आभारात. उपयुक्त चर्चेबद्दल के. मेश्राम यांचे आभार.

चर्चा! तीन वर्षं दिवाणावर समोरासमोर बसून पाठ मोडेपर्यंत केलं, ती चर्चा? तुला इलेक्ट्रॉनची फिरकी कोणी शिकवली रे? बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तू रडत होतास, हे माझ्या डोक्यात जात नाही म्हणून, तेव्हा कोण बसलं होतं तुझ्यासोबत?

पेपर मासिकाकडे पोचल्याची तारीख खाली छापलेली असते हे विसरलास का? ऑक्टोबर. आणि नोव्हेंबरात तू मला लिहितोस, अजून ठोस काही नाही. साडीचा रंग विचारतोस! आई ती साडी नेसून आख्ख्या मोहल्ल्यात फिरली, माझ्या दीपनं पाठवली म्हणून. तू मागितलं असतंस तर मी दिलं असतं, हेच मला गिळवत नाही. मागितलं तेव्हा दिलंच होतं की.

प्रबंध थांबला. सर चांगले आहेत, बोंबाबोंब केली नाही, पण म्हणाले, छापलेलं त्याचं आहे, तुमचं फाईलमध्ये आहे, लोग तो छपा हुआ देखेंगे. मी माझ्याच कामाची चोर ठरले आहे. कॉलेजात मला पाहिलं की बाया गप्प होऊन राहिल्या.

मले एकच सांग. कायले केलं तू असं?

खुशबू

*

बंगळूर,
२० मार्च २०२४

आदरणीय ताई,

सप्रेम जय भीम. तुझं पत्र वाचून वाईट वाटलं. तू भावनेच्या भरात लिहिलं आहेस, म्हणून काही गोष्टी स्पष्ट करणं मला आवश्यक वाटतं.

पेपरवर कोणाची नावं असावीत याचा निर्णय इथे सर घेतात. तुझं नाव मी सुचवलं होतं. सरांचं म्हणणं पडलं की तू आपल्या संस्थेची नाहीस, आणि अंतिम गणित इथल्या मशीनवर झालेलं आहे. मी नवीन आहे. एका मर्यादेपलीकडे मी बोलू शकत नव्हतो, हे तू समजून घेशील अशी अपेक्षा आहे. नोव्हेंबरात सांगितलं नाही, कारण पेपर स्वीकारला जाईल याची खात्री नव्हती. तुला उगाच त्रास नको असा हेतू होता.

मार्ग निघू शकतो. चौथ्या प्रकरणात आमच्या पेपरचा संदर्भ दे आणि मजकूर थोडा बदल, म्हणजे लाल येणार नाही. आणि ताई, रागावू नकोस, पण मागे तू मला तुझा आलेख पाठवला होतास त्यात चुंबक एकाच दिशेला असताना प्रवाह जास्त दाखवला आहे. आमच्याकडे नेमकं उलट येतं, चुंबक उलट दिशांना असताना जास्त. याच निष्कर्षामुळे पेपरची एवढी चर्चा झाली. प्रबंध जमा करण्याआधी तुझी बाजू तपासून घे, नाहीतर परीक्षक अडवतील.

मे महिन्यात एका मोठ्या संस्थेत माझी मुलाखत आहे, याच पेपरवर. मावशीला यातलं काही सांगू नकोस ही विनंती.

आपला,
संघदीप

*

फुलचूर,
३ एप्रिल २०२४

संघदीप,

"आदरणीय ताई"! अर्जच लिहिलास की रे मला. खाली शिक्का मारायचा राहिला फक्त.

रागात मी तुझा पेपर धड वाचला नव्हता. तू मला "तपासून घे" म्हणालास, म्हणून वाचला. मग कागदावर पुन्हा सगळं मांडलं, आणि मांडल्यावर कपाळाला हात लावून बसले.

आपण काम कसं करायचो ते आठव. तू स्वयंपाकघराच्या बाजूला, मी दाराच्या बाजूला, मधे आईच्या खराट्याची काडी. ती आपली नळी. तुझ्यासमोरचं टोक तुझं, माझ्यासमोरचं माझं. चुंबकाचं तोंड नळीकडे असलं की अधिक, असं तू तुझ्या टोकाला धरायचास आणि मी माझ्या. आता सांग, दोघांचंही अधिक असलं तर काय झालं? दोन्ही चुंबक एकमेकांकडे तोंड करून बसले, म्हणजे दिशा उलट झाल्या. म्हणून दोन टोकं जोडण्याआधी एक बाजू फिरवायची असायची. ते आपण प्रोग्राममध्ये कधीच लिहिलं नाही. काऊन लिहायचं? मी समोर होते. मी विचारायची, "फिरवलं का रे?" तू म्हणायचास, "फिरवलं." की जोडलं.

तिकडे तुला विचारणारं कोणी नव्हतं. तू दोन्ही अधिक ठेवलेस आणि जोडून मोकळा झालास. "एकाच दिशेचे" म्हणून जे छापलंस ते उलट दिशांचं आहे, आणि उलट दिशांचं म्हणून छापलंस ते एकाच दिशेचं. तुमचा तो गाजलेला निष्कर्ष म्हणजे न फिरवलेलं टोक आहे, दुसरं काही नाही. काही नळ्यांमध्ये प्रवाह खरोखर असा उलटा येतो, म्हणून तपासणाऱ्यांनाही संशय आला नाही. माझ्या शब्दावर जाऊ नको. एक बाजू फिरव आणि पुन्हा चालव. तुझं मशीन जेवून येईपर्यंत सांगेल.

आता जे लिहिते ते नीट वाच. हे मी तुला सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मे महिन्यात तू मुलाखतीला उभा राहिला असतास, समोरच्या एखाद्या जाणत्याने दोन प्रश्नांत पकडलं असतं, आणि मी इथे बसून टाळ्या वाजवल्या असत्या. माझ्या मनात आलं होतं. दोन दिवस ते मनात घोळवलं, गोडही लागलं. पण तू आईच्या ताटात जेवलेला पोरगा आहेस, मला नाही जमलं.

बदल्यात मी काही मागत नाही, माझंच आहे ते दे. मासिकाला लिही की चूक झाली, सुधारणा छापा, आणि काम दोघांचं आहे म्हणून लेखकांत माझं नाव घाला. उमेंद्र सर म्हणतात, नाव आलं तर चौथं प्रकरण जसंच्या तसं जमा करता येईल. नाही आलं तर ते काढून टाकावं लागेल, आणि चौथ्याशिवाय माझ्या प्रबंधाला कोणी विचारणार नाही. पुढच्या वर्षी मी कायम जागेसाठी अर्ज करते की जन्मभर तासांवर शिकवत राहते, ते आता तुझ्या हातात आहे.

आईला मी काही सांगितलेलं नाही. तू विनंती केलीस म्हणून नाही. तिला काय सांगावं तेच सुचत नाही.

खुशबू

*

बंगळूर,
११ ऑगस्ट २०२४

प्रिय ताई,

जय भीम. उत्तराला उशीर झाला. एप्रिलमध्येच मी एक बाजू फिरवून गणित चालवलं. तुझं बरोबर होतं. ती रात्र कशी गेली ते मलाच माहीत.

सरांना लगेच सांगितलं. पण मुलाखतीच्या आधी काही हालचाल करणं त्यांना योग्य वाटलं नाही, आणि मलाही धीर झाला नाही. माझी निवड झाली आहे, पुढच्या महिन्यात रुजू होतोय. सालेकशाला आईला कळवलं. ती खूप आनंदली.

मासिकात सुधारणा छापून आली आहे, प्रत सोबत जोडतो. तुझं नाव आलं आहे. मजकूर सरांनी लिहिला. वाचायला जरा कोरडा वाटेल, पण अशा गोष्टी अशाच भाषेत लिहितात. लेखकांत नवीन नाव घालायचं तर सगळ्यांच्या सह्या लागतात, आणि पेपरवरचे ते बाकीचे दोघं तयार नव्हते. मी प्रयत्न केला. एवढं लक्षात घे की आता मजकुरात तुझं नाव छापलं गेलं, आधी ते फक्त आभारात होतं.

मावशीला परवा फोन केला होता. माझ्या नोकरीचं सांगितलं, आणि ताईचंही नाव छापून आलं म्हणून सांगितलं. खूप खूश झाली. पुढचं पुढे बघू. तू माझ्यावर फार दिवस रागावून राहू शकत नाहीस, मला माहीत आहे.

तुझाच,
दीप

*

फुलचूर,
२५ ऑगस्ट २०२४

संघदीप,

सुधारणा वाचली. वाक्य असं आहे. "या चुकीचं मूळ के. मेश्राम यांनी पुरवलेल्या प्रोग्राममध्ये आहे. लेखकांच्या ती लक्षात आल्यावर त्यांनी निष्कर्ष सुधारले आहेत."

लेखकांच्या लक्षात आली! वा रे वा. काम छापलं तेव्हा मी चर्चा करणारी होते, आणि चूक निघाली तेव्हा प्रोग्राम माझा झाला. चूक शोधली मी, तुला पत्र लिहून सांगितली मी, आणि जगाला कळलं ते एवढंच की के. मेश्राम नावाच्या कोणीतरी या हुशार लोकांना बिघडलेला माल दिला. प्रोग्राम बिघडला नव्हता रे. तुझ्यासोबत बसून वापरायचा होता, तो तू एकट्याने वापरलास. हे तुला माहीत आहे, आणि माहीत असून तू ते वाक्य जाऊ दिलंस. पहिल्यांदा केलंस तेव्हा मी मनाची समजूत काढली, की घाबरला असेल, मोठ्या लोकांपुढे पोराची जीभ उचलली नसेल. या वेळी तुला चार महिने होते.

उमेंद्र सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. चौथं प्रकरण काढायला सांगितलं. ज्या कामात चूक केली म्हणून नाव छापून आलं, तेच काम प्रबंधात कसं ठेवायचं, त्यांचंही बरोबरच आहे. मी काढलं. मासिकाच्या संपादकांना मी सगळं लिहून पाठवलं आहे, आपल्या मेलांसकट. ते काय करायचं ते करतील, त्यासाठी मी तुझ्या पाया पडणार नाही. हे पत्र वेगळ्यासाठी आहे.

तू आईला फोन केलास. त्या दिवसापासून तिचे पाय जमिनीवर नाहीत. रविवारी ती पेढे घेऊन विहारात गेली. वंदना झाल्यावर एकेकाच्या हातावर पेढा ठेवत होती आणि सांगत होती, "माह्या दोनी लेकरायचं नाव एकाच कागदावर आलं. दीपनं बहिणीले सोडलं नाई." बाया माझ्याजवळ येऊन डोक्यावर हात ठेवत होत्या. कॉलेजातली जी मार्चपासून माझ्याशी बोलत नव्हती, तिच्या आईनेही ठेवला. मी मागे बसून सगळं पाहत होते. घरी येऊन मी तिला सांगायला गेले, तर तिने माझ्याच तोंडात पेढा कोंबला, आणि मी तो खाऊन तशीच परत फिरले.

आता ती तो कागद मागते. फ्रेम करायचा म्हणते. दिवाणाच्या वरती खिळा ठोकून झाला आहे. रोज विचारते, "आव, आणला का कागद?" मी म्हणते, येतो आहे.

माझ्याच्यानं आता होत नाही. तिला अर्धं तू सांगितलंस, उरलेलं तूच सांग. फोनवर नाही, घरी येऊन. तो कागद तिच्यापुढे धर, के. मेश्राम कुठे लिहिलंय त्यावर बोट ठेव, आणि ते वाक्य तिला मराठीत वाचून दाखव. ती मधे मधे विचारेल, तिला नीट उत्तरं दे. तुला जेवायला बसवेल, तर जेव.

फ्रेम करायची की नाही, ते मग तिला ठरवू दे.

खुशबू मेश्राम